छिद्र सांगावें कीं झांकावें?

दुसऱ्याचीं छिद्रें शोधीत हिंडणारा मनुष्य आपल्या समाजांत कधींहि आदरास पात्र झालेला नाहीं. 'छिद्रान्वेषी' हा शब्द आपण दूषण म्हणूनच वापरतों. आणि ज्यास एखाद्याचें मर्म ठाऊक आहे त्यानें तें पोटांत ठेवावें, चव्हाट्यावर मांडूं नये, अशीच शिकवण घरोघर लहानपणापासून मिळते. ही शिकवण वाईट आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. शेजाऱ्याच्या भिंतीस भगदाड पडलेलें दिसलें तर तें त्याच्या कानांत सांगावें, बाजारांत दवंडी पिटूं नये, हें कळावयास नीतिशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागत नाहीं. परंतु एकच भिंत कोट्यवधि घरांस मिळून असली, तिचे गवंडी जगभर पसरलेले असले, आणि ती कोठें पोखरलेली आहे हें एखाद्या चोरास आधींच ठाऊक झालें आहे कीं काय हें कळण्यास मार्ग नसला, तर काय करावें? कानांत सांगावयाचें म्हटलें तर तें कोणाच्या कानांत? आणि न सांगितल्यामुळें जो नाडला जाईल त्याचें पाप कोणाच्या माथीं? हा प्रश्न आतां केवळ तर्काचा खेळ राहिलेला नाहीं. त्याचा विचार वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रत्येक संगणकांत आणि प्रत्येक मोबाइलमध्यें ऑपरेटिंग सिस्टिम नांवाची एक व्यवस्था असते, व तिच्या मध्यभागीं एक भाग असतो, त्यास जाणते लोक कर्नेल म्हणतात. आम्ही त्यास गाभा म्हणूं. देवळाच्या सभामंडपांत सर्वांस मुभा असते, गाभाऱ्यांत मात्र पुजाऱ्यावांचून कोणास जातां येत नाहीं. त्याचप्रमाणें आपण वापरतों ते सारे प्रोग्राम सभामंडपांत वावरतात, आणि स्मृतींतील कोणती जागा कोणास द्यावयाची, कोणतें कागदपत्र कोणीं वाचावयाचें व कोणीं लिहावयाचें, याचा निवाडा गाभा करतो. एखाद्या प्रोग्राममध्यें दोष निघाला तर बहुधा तेवढ्या प्रोग्रामचें नुकसान होतें. गाभ्यांत दोष निघाला तर सारें देऊळच परक्याच्या ताब्यांत जातें. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडांतील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेला लिनक्स हा गाभा आज अँड्रॉइड मोबाइलमध्यें आहे, आणि पेढ्या व कचेऱ्या ज्यांवर चालतात अशा असंख्य मोठ्या संगणकांतहि तोच आहे. त्याच्या लेखनाच्या ओळी तीन कोटींहून अधिक भरतात. मनुष्यानें लिहिलेल्या इतक्या ओळींत दोष नसणें हीच आश्चर्याची गोष्ट झाली असती.

कुंडलिका नदीच्या एका कांठीं आमचा जुना जालना आणि दुसऱ्या कांठीं नवा जालना. या दोन्ही कांठांवर मोंढ्यांतील अडत्या, बियाण्यांचा व्यापारी, लोखंडाच्या कारखान्यांतील मजूर आणि रस्त्याच्या कडेला बसणारी भाजीवाली या सर्वांचा पैसा आज हातांतील मोबाइलवरून फिरत असतो. गांवाच्या पूर्वेस १७२५ सालीं किल्ला उभारला गेला तेव्हां गांवाचें धन भिंतींच्या आड सुरक्षित राहतें अशी समजूत होती. आज तें धन ज्या भिंतीच्या आड आहे ती भिंत डोळ्यांस दिसत नाहीं, आणि ती कोणीं बांधली हें विचारावयाचेंहि कोणास सुचत नाहीं. म्हणून तिच्यांतील छिद्रांचा प्रश्न दूर देशींच्या पंडितांचा आहे असें मानूं नये. तो भाजीवालीचा प्रश्न आहे.

प्रथम एका सामान्य भ्रमाचा निरास केला पाहिजे. तो भ्रम असा कीं, छिद्राचा उच्चार न केला तर तें जणूं नसल्यासारखेंच होतें. हा भ्रम किती महाग पडतो याचा दाखला आमच्याच जिल्ह्याच्या भूमीवर घडलेला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं भोकरदनच्या बाजूस असई येथें दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेशीं आर्थर वेलस्लीची गांठ पडली. मराठ्यांचा तळ केळणा व जुई या दोन नद्यांच्या मध्यें होता. समोरचा उतार सोडून दुसरा उतार नाहीं, असें वेलस्लीस त्याचे वाटाडे निक्षून सांगत होते. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर पिंपळगांव व वरूड अशीं दोन गांवें समोरासमोर वसलेलीं त्यास दिसलीं, आणि त्यानें असा तर्क केला कीं, इतकीं जवळ असलेलीं दोन गांवें येण्याजाण्याच्या वाटेवांचून वसणार नाहींत. तो तेथें गेला, उतार होता, आणि तो अडविण्यास फौज उभी नव्हती. मराठ्यांच्या पायदळानें व तोफखान्यानें त्यानंतर तोंड फिरवून जी झुंज दिली तिची आठवण वेलस्ली जन्मभर विसरला नाहीं. पण नदी तर तो ओलांडून गेलाच होता.

या प्रसंगांत लक्षांत घेण्याजोगें असें कीं, तो उतार कोणीं फितुरीनें सांगितला नाहीं. तो नकाशावर नव्हता, वाटाड्यांच्या तोंडीं नव्हता. पण दोन्ही गांवांच्या गुराख्यांच्या व पाणी भरणाऱ्या बायकांच्या पायांखालीं तो रोजचाच होता. शत्रूला तो केवळ पाहून आणि विचार करून कळला. रक्षकानें ज्याचा विचार केला नाहीं तेंच गुप्त होतें, आणि तें फक्त रक्षकापासूनच गुप्त होतें. संगणकाच्या गाभ्यांतील छिद्रांचेंहि असेंच आहे. जें बुद्धिबळ खर्च करून एक सज्जन छिद्र शोधतो तेंच दुर्जनाजवळहि असतें, आणि लाभाची आशा त्याच्या उद्योगास अधिक धार देते.

२०१६ सालच्या ऑक्टोबरांत लिनक्सच्या गाभ्यांतील जें छिद्र बुजविण्यांत आलें व जें 'डर्टी काऊ' या नांवानें प्रसिद्ध झालें, त्याची हकीकत या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. तें समजण्यासाठीं तलाठ्याच्या दप्तराची कल्पना करावी. मूळ दप्तर वाचावयास कोणासहि मिळतें, पण त्यांत लिहिण्याची मनाई आहे. ज्यास कांहीं लिहूनच पाहावयाचें असेल त्यास कारकून त्या पानाची नक्कल काढून देतो, आणि लिहिणें काय तें नक्कलेवर व्हावें असा नियम आहे. आतां असें समजा कीं, कारकुनानें नक्कल पुढें ठेवली, अर्जदाराची लेखणी उचलली गेली, आणि नेमक्या त्या निमिषांत अर्जदाराच्या साथीदारानें ती नक्कल फाडून टाकली. नक्कल देऊन झाली, आतां परवानगी पुन्हां पाहण्याचें कारण नाहीं, असा कारकुनाचा समज. आणि लेखणी उतरते ती मूळ दप्तरावर! मनुष्याच्या हातून हें साधणें कठीण. पण संगणक एका क्षणांत हजारों वेळां प्रयत्न करूं शकतो, आणि एकदां साधलें कीं साध्या अर्जदारास साऱ्या कचेरीचा अधिकार प्राप्त होतो.

ही चूक बुजवितांना टोरवाल्ड्स यांनीं जी नोंद लिहिली तींत त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, चूक फार जुनी आहे, अकरा वर्षांपूर्वीं आपणच ती बुजविण्याचा एक प्रयत्न केला होता, तो चांगला नव्हता, आणि एका निराळ्या जातीच्या यंत्रावर अडचण उत्पन्न झाल्यामुळें ती दुरुस्ती मागें घेण्यांत आली. जी गोष्ट पूर्वीं केवळ तर्कानें संभवनीय होती ती कालांतरानें प्रत्यक्षांत सुलभ झाली. २००७ सालच्या आवृत्तीपासून नऊ वर्षें हें छिद्र जगभरच्या यंत्रांत होतें. आणि तें उघडकीस कसें आलें? फिल ऑस्टर नांवाच्या गृहस्थांस तें एका संगणकावर झालेल्या हल्ल्याच्या अवशेषांत सांपडलें. म्हणजे सज्जनांस त्याचा पत्ता लागण्यापूर्वींच दुर्जन त्याचा उपयोग करीत होते. 'आपण बोललों नाहीं म्हणून कोणास कळलें नाहीं' या समाधानाची किंमत एवढीच.

हा वाद नवा नाहीं. १८५१ सालीं लंडन येथील महाप्रदर्शनाच्या वेळीं हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें इंग्लंडांतील नामांकित कुलुपें किल्लीवांचून उघडून दाखविलीं. त्यांत ब्रामा यांचें एक कुलूप होतें. तें उघडणारास दोनशें गिनींचें बक्षीस मिळेल अशी पाटी दुकानाच्या खिडकींत कित्येक वर्षें झळकत होती. त्या काळींहि पुष्कळांस वाटलें कीं, कुलुपांचे दोष असे चारचौघांत बोलणें म्हणजे चोरांची शाळा उघडणें होय. त्यावर जाणत्यांचें उत्तर असें होतें कीं, चोर आपल्या धंद्यांत पुरेसे निष्णात असतात. दोष ठाऊक नसतो तो घरधन्याला. पुढें १८८३ सालीं कर्कहॉफ्स यांनीं सांकेतिक लिपीविषयीं असाच दंडक सांगितला कीं, तिची रचना शत्रूच्या हातीं पडली तरी तिनें टिकाव धरला पाहिजे. गुप्त ठेवावयाची ती फक्त किल्ली.

आपल्याकडे या विषयावरचा सर्वांत सुंदर दाखला रायगडाच्या आख्यायिकेंत आहे. हिरकणी नांवाची गवळण दूध घालण्यास गडावर आली. दरवाजे बंद झाले. घरीं तान्हें मूल. म्हणून ती अंधारांत कड्यावरून खालीं उतरून गेली. ज्या बाजूनें मनुष्य चढूं वा उतरूं शकणार नाहीं असें मानलें होतें तेथें वाट आहे हें तिच्या उतरण्यानें सिद्ध झालें. या कथेचा गौरव आपण आईच्या प्रेमासाठीं करतों व तो योग्यच आहे. पण राज्यकर्त्याच्या वर्तनाकडे आपलें लक्ष तितकेंसें जात नाहीं. महाराजांनीं तिच्यावर नियम मोडल्याचा आरोप ठेवला नाहीं. कोणास बोलूं नको अशी तंबीहि दिली नाहीं. त्यांनीं तिला गौरविलें आणि त्या जागीं बुरूज बांधला. इतकेंच नव्हे, तर बुरुजास तिचेंच नांव राहिलें. कथा ऐतिहासिक असो वा नसो, छिद्र दाखविणाऱ्याशीं कसें वागावें याविषयीं महाराष्ट्राच्या मनानें केलेला निवाडा तींत उमटला आहे. आजहि ज्या कंपन्या व ज्या कचेऱ्या दोष दाखविणाऱ्यास प्रथम वकिलाची नोटीस धाडतात त्यांनीं हिरकणी बुरुजाचें स्मरण करावें. धमकीनें कडा अवघड होत नाहीं. पुढच्या वेळीं वाट सांपडली तर ती सांगावयास कोणी येत नाहीं, एवढाच फरक पडतो.

आतां दुसरी बाजू पाहूं. कारण ती पोकळ नाहीं. महाभारतांत कर्णपर्वांत कौशिक नांवाच्या तपस्व्याची कथा आहे. सत्यच बोलावयाचें असें त्याचें व्रत होतें. दरोडेखोरांच्या भीतीनें कांहीं लोक रानांत लपले. दरोडेखोरांनीं कौशिकास विचारलें. आणि त्यानें खरें तें सांगितलें. त्या लोकांची हत्या झाली, आणि सत्यवादी कौशिक अधोगतीस गेला. लोकमान्य टिळकांनीं 'गीतारहस्या'च्या कर्मजिज्ञासा प्रकरणांत अशा अपवादांचा जो ऊहापोह केला आहे तो वाचकांस परिचित असेलच. तेव्हां 'सत्य आहे म्हणून सांगितलें' एवढ्यानें छिद्र जाहीर करणाराची सुटका होत नाहीं. ज्या क्षणीं छिद्र आहे पण ठिगळ तयार नाहीं, त्या क्षणीं त्याची जाहीर वाच्यता करणें म्हणजे कौशिकाचेंच सत्य होय.

पण कौशिकाची कथा मौनवाद्यांच्या बाजूनें तरी पुरी साक्ष देते काय? लपलेले लोक जर अशा समजुतींत असते कीं आपण सुरक्षित आहोंत, आणि दरोडेखोर त्यांची जागा आधींच हुडकीत असते, तर त्यांस जाऊन सावध करणें हा कौशिकाचा धर्म ठरला असता. म्हणून प्रश्न सांगावें कीं न सांगावें असा नाहींच. आधीं कोणास, मग कोणास, आणि मध्यें किती काळ जाऊं द्यावा, असा आहे. या कारागिरांनीं जी रीति हळूहळू रूढ केली तिचें मूळ येथें आहे. छिद्र सांपडलें म्हणजे प्रथम तें गाभ्याची निगा राखणाऱ्यांस खासगी रीतीनें कळवावें. त्यांनीं ठिगळ तयार करावें. आणि मग छिद्र व ठिगळ दोन्ही एकदम जाहीर करावीं. लिनक्सच्या गाभ्याचे रक्षक दुरुस्ती तयार झाल्यावर ती सामान्यतः सात दिवसांहून अधिक काळ गुप्त ठेवीत नाहींत. गूगलच्या एका शोधक मंडळीनें २०१४ पासून नव्वद दिवसांची मुदत घालून दिली. तेवढ्या अवधींत कंपनीनें ठिगळ लावलें नाहीं तर दोष लोकांपुढें यावयाचाच.

ही मुदत काहींस उद्धटपणाची वाटते. पण मुदत नसली तर काय होतें तें अनुभवानें ठाऊक आहे. दोष सांगणारा वाट पाहत बसतो, मालक आज करूं उद्यां करूं म्हणतो, आणि मधल्या काळांत ज्याचें घर उघडें आहे त्याला मात्र कोणी विचारीत नाहीं. मुदत ही त्या गैरहजर माणसाची बाजू आहे. शिवाय लिनक्ससारख्या गाभ्याचें सारें लेखन उघडें असल्यामुळें तेथें मौन फार काळ टिकतहि नाहीं. ठिगळ लावलें कीं कोठें लावलें हें पाहणाऱ्यास दिसतें, व ठिगळावरून भोंक ओळखणें कठीण नसतें. मेल्टडाऊन व स्पेक्टर या नांवांचे संगणकाच्या मुख्य चकतींतील दोष २०१७ च्या जूनमध्यें कंपनीस कळविले होते व ते ९ जानेवारी २०१८ रोजीं जाहीर व्हावयाचे होते. परंतु गाभ्यांत चाललेली मोठी डागडुजी पाहून चाणाक्षांनीं तर्क बांधले, आणि ३ जानेवारीसच सर्व प्रसिद्ध करावें लागलें. गाजावाजा न करतां केलेली दुरुस्ती जो रोज डोळ्यांत तेल घालून बसला आहे त्यास कळते, आणि ज्यास आपलें घर सांवरावयाचें आहे त्यासच कळत नाहीं, असा हा उलटा न्याय होतो.

मौनाचा एक तिसरा प्रकार आहे, आणि आमच्या मतें तोच निंद्य होय. छिद्र ठाऊक असून तें बुजविण्यासाठीं नव्हे, तर वेळप्रसंगीं आपणांस त्यांतून शिरतां यावें म्हणून गुप्त ठेवणें, हा तो प्रकार. विंडोज या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यांत चालणाऱ्या एका भागांतील असें छिद्र अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेजवळ होतें. तेथून तें निसटलें. मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजीं ठिगळ प्रसिद्ध केलें. एप्रिलांत तें हत्यारच जगजाहीर झालें. १२ मे रोजीं 'वॉनाक्राय' या नांवानें त्याचा हल्ला सुरू झाला, आणि इंग्लंडांतील रुग्णालयांत रोग्यांस परत पाठविण्याची पाळी आली. २७ जून रोजीं 'नॉटपेट्या' या दुसऱ्या हल्ल्यांत तेंच हत्यार होतें. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रामच्या वाटेनें निघालेली ती आग आमच्या महाराष्ट्रांत उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोंचली, आणि तेथील एका डेनिश कंपनीच्या धक्क्यावरील संगणक बंद पडून काम ठप्प झालें. ज्या बंदराच्या न्यासानें २०१५ सालीं जालन्याजवळ कोरड्या बंदराची कोनशिला बसविली तेंच हें बंदर. यावरून ही आग आपल्या उंबरठ्यापासून किती दूर होती तें वाचकांनींच ठरवावें.

येथें कोणी म्हणेल, राष्ट्राच्या रक्षणासाठीं अशीं हत्यारें जवळ ठेवावींच लागतात. राष्ट्रास हत्यार नको असें आम्हीहि म्हणत नाहीं. पण तोफ शत्रूकडे तोंड करून ठेवतां येते. छिद्रास तोंड नसतें. जें छिद्र शत्रूच्या यंत्रांत आहे तें स्वतःच्या नागरिकाच्या यंत्रांतहि आहे, आणि तें उघडें ठेवण्याचा निश्चय करतांना राज्य आपल्याच प्रजेचा कडा बुरुजावांचून ठेवण्याचा निश्चय करीत असतें. पहारेकऱ्यास भगदाड दिसावें, त्यानें धन्यास सांगूं नये, आणि पुढेंमागें आपल्या उपयोगीं पडेल म्हणून त्यावर पडदा सोडावा, यास चाकरी म्हणतां येत नाहीं.

शोधण्याच्या साधनांसहि मर्यादा आहे. २०२१ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाच्या कांहीं संशोधकांनीं, लिनक्सचे रक्षक किती सावध आहेत हें पाहण्याकरितां, दुरुस्तीच्या नांवाखालीं दोषयुक्त लेखन त्यांच्याकडे धाडल्याचें उघड झालें. संतापून रक्षकांनीं त्या विद्यापीठाकडून येणारें सर्व लेखन कांहीं काळ बंद केलें. संशोधकांचा हेतु वाईट नव्हता. पण जे लोक विश्वासानें आपला वेळ देतात त्यांस न विचारतां त्यांच्यावर प्रयोग करणें हें छिद्र शोधणें नव्हे. तें सहकार्याच्या भिंतीस नवें छिद्र पाडणें होय. हिरकणी कड्यावरून उतरली ती घरीं जाण्यासाठीं. पहारेकऱ्यांची फजिती पाहण्यासाठीं नव्हे.

येथवर आमचा मार्ग सरळ आहे. परंतु खरी गांठ पुढेंच आहे, आणि ती झांकून ठेवणें या लेखास शोभणार नाहीं. 'आधीं ठिगळ, मग जाहीर वाच्यता' या न्यायांत एक गृहीत आहे: ठिगळ निघालें म्हणजे तें सर्वांस मिळालें. हें गृहीत खोटें आहे. डर्टी काऊचें छिद्र गाभ्यांत ऑक्टोबर २०१६ मध्यें बुजलें; अँड्रॉइडसाठीं गूगलनें डिसेंबरांत दुरुस्ती दिली. तरीहि सप्टेंबर २०१७ मध्यें त्याच छिद्राचा उपयोग करणारा 'झेडनिऊ' हा उपद्रवी प्रोग्राम पांच हजारांहून अधिक लोकांच्या मोबाइलवर आढळला; देश चाळीस, पण बहुतेक बळी चीनमधील व हिंदुस्थानांतील. कारण उघड आहे. गूगल ठिगळ देतें. मोबाइल बनविणारी कंपनी तें आपल्या मालास बेतून धाडते, किंवा धाडीत नाहीं. आणि स्वस्त मोबाइल विकून झाल्यावर त्याच्या निगेंत नफा उरत नाहीं. ज्याच्याजवळ महागडा मोबाइल आहे त्यास महिन्याच्या आंत ठिगळ मिळतें. जुन्या जालन्याच्या बाजारांत दुसऱ्याच्या हातचा मोबाइल घेऊन त्यावर दिवसाची विक्री जमा करणाऱ्या बाईस तें कधींच मिळत नाहीं. मग ज्या दिवशीं छिद्र जाहीर झालें त्या दिवशीं श्रीमंत सुरक्षित झाला आणि गरीब पूर्वींपेक्षां अधिक उघडा पडला, असेंच नाहीं कां म्हणावयाचें?

तसेंच म्हणावें लागेल. जाहीर करण्याच्या पक्षाचे पुष्कळ लोक हा आक्षेप हसण्यावारी नेतात, तें आम्हांस पसंत नाहीं. हानि खरी आहे, आणि ती ज्याचा कांहीं अपराध नाहीं त्याच्या वांट्यास येते. पण मौनानें ती टळेल काय हें पाहिलें पाहिजे. उघड्या लेखनाच्या गाभ्यांत ठिगळ हीच वाच्यता असते, हें वर दाखविलें आहे. मौन पाळावयाचें तर ठिगळहि लावूं नये लागेल, आणि मग श्रीमंत व गरीब दोघेहि सारखेच उघडे. सर्वांस समान उघडें ठेवणें ही समता नव्हे. दुसरें असें कीं, मौनांत गरिबाची अडचण कोणाच्या नजरेसच येत नाहीं. छिद्र जाहीर झालें, तारीख लागली, म्हणजे 'अमक्या दिवशीं ठिगळ निघालें असतां तुम्हीं आपल्या गिऱ्हाइकास तें कां दिलें नाहीं?' असा प्रश्न कंपनीस विचारतां येतो. जाहीर वाच्यतेवांचून त्या बाईस फिर्याद करण्यासहि आधार नाहीं.

तेव्हां दोष सांगणाऱ्याच्या जिभेवर ठेवण्यांत येणारा हा बोजा वस्तुतः विकणाऱ्याच्या माथ्यावरचा आहे. ज्यानें वस्तु विकली त्याचें नातें पैसे मोजून घेतांच संपतें, हा न्याय मडक्यास ठीक आहे. जी वस्तु दर महिन्यास नव्या ठिगळावांचून धोक्याची होते तिला तो लागू नाहीं. अशी वस्तु विकणें म्हणजे निगेचें वचन देणेंच होय, मग तें कागदावर असो वा नसो. युरोपीय संघानें २०२४ सालीं जो कायदा केला त्यांत अशा मालास सामान्यतः निदान पांच वर्षें दुरुस्त्या पुरविण्याचें बंधन विकणारावर घातलें आहे, व मुख्य कलमांच्या अंमलास डिसेंबर २०२७ ही वेळ नेमली आहे. आपल्या देशांत २००० सालचा माहिती तंत्रज्ञानाचा कायदा आहे, आणि छिद्रांच्या वार्ता घेऊन संबंधितांस कळविणारी 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था २००४ पासून आहे. परंतु त्याच कायद्यांत परवानगीवांचून दुसऱ्याच्या यंत्रांत डोकावण्याबद्दल दंड आहे, आणि सद्धेतूनें दोष शोधणाऱ्यास स्पष्ट अभय दिलेलें नाहीं. चोरास शासन हवेंच. पण कायद्याच्या भाषेंत हिरकणी आणि दरोडेखोर यांच्यांत भेद करतां आला पाहिजे. आणि विकणाऱ्यानें मोबाइलच्या खोक्यावर, किंमतीच्या शेजारीं, किती वर्षें दुरुस्त्या मिळतील तें मराठींत छापलें पाहिजे. ही मागणी फार मोठी नाहीं. औषधाच्या बाटलीवर आपण तारीख पाहतोंच.

राहतां राहिलें आपलें स्वतःचें कर्तव्य. सुशिक्षित घरांत मोबाइलवर दुरुस्तीची सूचना येते आणि 'मग पाहूं' म्हणून ती आठ आठ दिवस बाजूस सारली जाते. कोठेंतरी कोणी रात्री जागून छिद्र शोधलें, कोणी मुदतीच्या आंत ठिगळ शिवलें, तें आपल्या दारापर्यंत आलें, आणि आपण दार उघडलें नाहीं, असा याचा अर्थ होतो. घरांतील वडील माणसांच्या व घरकामास येणाऱ्या बाईंच्या मोबाइलवर दुरुस्ती घेतली गेली आहे कीं नाहीं हें घरांतील तरुणांनीं आपण होऊन पाहावें. न मिळणारी असेल तर त्या मोबाइलवर पैशाचा व्यवहार न करण्याचा सल्ला त्यांस द्यावा. यास पांडित्य लागत नाहीं, शेजारधर्म पुरतो.

छिद्र सांगावें कीं झांकावें, या प्रश्नास आमचें उत्तर असें: जो बुजवूं शकतो त्यास आधीं सांगावें, त्यास वाजवी मुदत द्यावी, आणि मुदत सरल्यावर सर्वांस सांगावें, आपल्या लाभासाठीं तें कधींहि झांकूं नये. एवढें करूनहि कोणी ना कोणी उघडा राहीलच, आणि त्याचें दुःख सांगणाऱ्यानें मनास लावून घेतलें तर तें त्यास भूषणावहच आहे. पण त्या दुःखानें त्यानें गप्प बसूं नये. असईच्या उतारावर पहारा नव्हता याचें कारण उताराविषयीं कोणी फार बोललें हें नव्हे. ज्यांस तो रोज पायांखालीं होता त्यांस कोणीं विचारलेंच नव्हतें.